सरहद्दीपलीकडचा तपास आणि सभागृहांची गैरहजेरी

तमिळनाडूतील कुंभकोणमच्या अतिरिक्त मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी १ नोव्हेंबर २०२२ रोजी सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या कलावस्तू-व्यापाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. अरियलूर जिल्ह्यातल्या सुत्तमल्लीच्या वरदराज पेरुमाळ मंदिरातून २००८ मध्ये चोरीला गेलेल्या मूर्तींचा तो खटला होता. कपूरला ऑक्टोबर २०११ मध्ये फ्रँकफर्टच्या विमानतळावर ताब्यात घेण्यात आले, जुलै २०१२ मध्ये भारतात आणले गेले आणि त्यानंतर निकाल लागायला आणखी दहा वर्षे गेली. या प्रकरणात गावच्या पोलिस ठाण्यापासून राज्याच्या मूर्तिचोरी-विरोधी शाखेपर्यंत, सीबीआयपासून इंटरपोलपर्यंत, जर्मन पोलिसांपासून अमेरिकेच्या तपास यंत्रणांपर्यंत अनेकांचे हात लागले. पण या सगळ्या प्रवासाचा सलग हिशेब मागण्याची सोय आपल्याकडच्या एकाही लोकनियुक्त सभागृहाकडे नाही. ही उणीव आता भरून काढायला हवी.

कुंभकोणम हे मराठी वाचकाला परके गाव नव्हे. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या सर टी. माधवरावांचा जन्म १८२८ मध्ये इथलाच. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात वाढलेली मराठी घराणी या परिसरात पिढ्यानपिढ्या नांदली. गावापासून थोड्याच अंतरावर स्वामीमलै आहे. तिथले स्थपती आजही मेणाचा साचा घडवून, त्यावर कावेरीच्या गाळाची माती लिंपून पंचधातूच्या मूर्ती ओततात. हीच विद्या चोळांच्या काळात शिखरावर पोहोचली होती आणि त्या काळच्या मूर्तींना जगाच्या बाजारात आज कोट्यवधींची किंमत आहे. मूर्तिचोरीचे खटले कुंभकोणमच्या न्यायालयात चालतात आणि जप्त झालेल्या मूर्तीही गावातल्याच सुरक्षा केंद्रात ठेवल्या जातात, त्यामागे हा सारा भूगोल आहे.

कुंभकोणमजवळच्या शिवपुरम् गावची हकीकत या बाबतीत नीट समजून घ्यावी अशी आहे. १९५१ मध्ये तिथे जमिनीखाली कांस्यमूर्ती सापडल्या, त्यांत एक नटराज होता. १९५४ मध्ये या मूर्ती दुरुस्तीसाठी एका स्थपतीकडे सोपवल्या गेल्या. त्याने हुबेहूब नक्कल घडवली, नक्कल मंदिरात परतली आणि अस्सल नटराज मुंबईच्या एका संग्राहकाकडे पोहोचला. देवळात पूजा चालू होती, भाविक येत होते आणि सरकारी कागदांत मूर्ती जागेवर होती. १९६५ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी आपल्या पुस्तकात मंदिरातली मूर्ती अस्सल नसल्याचे नोंदवले, तेव्हा कुठे गोष्ट बाहेर आली. तोवर अकरा वर्षे उलटली होती. पुढे हा नटराज न्यूयॉर्कला गेला आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाचे उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानाने तो नऊ लाख डॉलरला घेतल्याचे प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये डागडुजीसाठी असताना स्कॉटलंड यार्डने तो ताब्यात घेतला, भारत सरकारने दावा लावला, १९७६ मध्ये समझोता झाला. त्या समझोत्यानुसार दहा वर्षे सायमन यांच्याकडे राहून १९८६ मध्ये नटराज मायदेशी आला. देवळातून गेलेली मूर्ती परत मिळायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला आणि पहिली कळ फिरली ती एका परदेशी अभ्यासकाच्या डोळसपणामुळे.

तमिळनाडूतल्याच श्रीपुरंतानच्या बृहदीश्वर मंदिरातला नटराज त्याच वाटेने गेला, फक्त वेग वाढला. मूर्ती २००६ मध्ये चोरीला गेली. चोरी झाल्याचे यंत्रणेच्या ध्यानात आले २००८ मध्ये. तोपर्यंत कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियाने ती सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतलेली होती. चोरीची ओळख पटली ती पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटने काढून ठेवलेल्या जुन्या छायाचित्रांमुळे. सप्टेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी मूर्ती भारताला परत दिली, त्याचे सोहळे झाले, छायाचित्रे छापून आली. मंदिरातून मूर्ती गेल्यावर दोन वर्षे कोणालाच पत्ता का नव्हता, छायाचित्रे एका परदेशी संस्थेकडे होती आणि राज्याच्या देवस्थान खात्याकडे का नव्हती, हे प्रश्न त्या सोहळ्यात बुडाले. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या नोंदवहीत नाव चढवायचे तर वस्तू ओळखता येईल असे छायाचित्र आणि वर्णन लागते. ते नसेल तर ल्योनमधल्या मुख्यालयाला कितीही पत्रे धाडली तरी उपयोग शून्य.

आता हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा, ते पाहू. पोलिस हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे १९८३ मध्ये स्थापन झालेल्या मूर्तिचोरी-विरोधी शाखेचा जाब तमिळनाडूची विधानसभा विचारू शकते. मंदिरे हिंदू धर्मादाय खात्याकडे, म्हणजे त्याच सरकारच्या वेगळ्या मंत्र्यांकडे. इंटरपोलशी बोलण्याचा अधिकार एकट्या सीबीआयला, आणि सीबीआय येते केंद्राच्या कार्मिक खात्यात. त्या खात्यावर संसदेची एक स्थायी समिती लक्ष ठेवते. मूर्ती परत आली की ती स्वीकारते पुरातत्त्व सर्वेक्षण खाते. ते सांस्कृतिक मंत्रालयाचे आणि त्याची स्थायी समिती निराळी. प्रत्यार्पण परराष्ट्र खात्याकडे, परदेशी न्यायालयांना जाणारी विनंतीपत्रे गृह खात्याकडे आणि त्यांच्या समित्या आणखी निराळ्या. मूर्ती एकच, चोर एकच, तपासही खरे तर एकच. पण त्याच्याकडे पाहणाऱ्या सभागृहांनी आपापल्या कुंपणापुरते पाहायचे. संसदेच्या स्थायी समित्यांत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य एकत्र बसतात, हे चांगलेच आहे. पण ज्या राज्याच्या ठाण्यात पहिला गुन्हा नोंदला जातो, त्या राज्याच्या विधिमंडळाला त्या टेबलाभोवती खुर्ची नाही.

संसदेने या विषयाकडे पाहिलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात पुरातत्त्व खात्याच्या ढिलाईवर कडक बोट ठेवले. पर्यटन व संस्कृतीविषयक स्थायी समितीने जुलै २०२३ मध्ये वारसा-चोरीवर स्वतंत्र अहवाल दिला आणि वेगवेगळ्या यंत्रणांतले अधिकारी एकत्र आणणारे विशेष पथक उभारण्याची शिफारस केली. हे अहवाल मोलाचे आहेत. पण अहवाल एकदा येतो आणि तपास दररोज चालतो. एका अहवालाने नजर राहत नाही.

ही नजर आताच का हवी, याचे कारण वेगळे आहे. ७ जानेवारी २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी सीबीआयने बांधलेल्या ‘भारतपोल’ या प्रणालीचे उद्घाटन केले. एरवी जिल्ह्यातून राज्याच्या संपर्क अधिकाऱ्याकडे, तिथून दिल्लीला पत्रे, ई-मेल आणि फॅक्सने जाणाऱ्या, इंटरपोलसाठीच्या विनंत्या आता एकाच जागेवरून थेट पुढे सरकतील. तपास अधिकाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे आणि तिचे मनापासून स्वागत करायला हवे. म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकवलेल्या भारतीय तरुणांना सोडवायचे असेल, तर पत्रव्यवहारात महिने घालवून चालणार नाही. पण विनंती जितकी सोपी, तितकी चुकीची विनंतीही सोपी. कोणाचे नाव कोणत्या देशाला गेले, ते किती काळ तिथे राहिले, निर्दोष ठरल्यावर ते पुसले गेले का? २०११ पासून सीबीआय माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. भ्रष्टाचार आणि मानवाधिकारभंगाचे आरोप सोडले तर नागरिकाला तिथून काही मिळत नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा सरकारकडेच आहे. म्हणजे नागरिकाचा दरवाजा बंद आहे, आणि लोकप्रतिनिधींचा अजून उघडलेला नाही.

उलट बाजूही तितकीच गंभीर. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतल्या घोटाळ्यातले आरोपी मेहुल चोक्सी यांच्याविरुद्ध इंटरपोलने डिसेंबर २०१८ मध्ये रेड नोटीस काढली आणि ती मागे घेतल्याचे मार्च २०२३ मध्ये उघड झाले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्यांना बेल्जियममध्ये अटक झाली. आपल्या यंत्रणेची बाजू मधल्या काळात कुठे कमी पडली, हा प्रश्न मुंबईच्या करदात्याचाही आहे. त्याचे उत्तर प्रसिद्धिपत्रकातून मिळण्याजोगे नाही, सीबीआयच्या संचालकांना समोर बसवूनच मिळेल.

मुळात सीबीआयचाच पाया डळमळीत आहे. ती आजही १९४६ च्या दिल्ली विशेष पोलिस आस्थापना कायद्यावर उभी आहे. गुवाहाटी उच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०१३ रोजी तिची स्थापनाच घटनाबाह्य ठरवली आणि तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. त्या स्थगितीवर देशाची सर्वांत मोठी तपास यंत्रणा चालते आहे. १९७८ मध्ये एल. पी. सिंग समितीने, २००८ मध्ये संसदीय स्थायी समितीने स्वतंत्र कायदा करा म्हणून सांगितले. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांवर संसदीय देखरेख ठेवणारे खासगी विधेयक आणले. सगळे कागदावरच राहिले. मधल्या काळात राज्ये आणि केंद्र यांच्यात संमतीचा खेळ रंगला. राज्यात तपास करण्यासाठी सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये काढून घेतली, सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये परत दिली. तमिळनाडूने जून २०२३ मध्ये काढून घेतली. हे सारे निर्णय मंत्रालयांतले. विधिमंडळे आणि संसद एकत्र बसून त्यावर कधी बोलली नाहीत, कारण तशी बैठकच अस्तित्वात नाही.

युरोपने नेमकी हीच अडचण ओळखली. युरोपोल ही हेगमधली संस्था सदस्य देशांच्या पोलिसांमधला दुवा आहे. तिच्यावर फक्त युरोपीय संसदेने लक्ष ठेवायचे, तर प्रत्यक्ष पोलिस चालवणाऱ्या देशांच्या संसदा बाहेर राहतात. फक्त देशांच्या संसदांनी ठेवायचे, तर कोणालाच संपूर्ण चित्र दिसत नाही. म्हणून २०१६ च्या युरोपोल नियमाच्या ५१ व्या कलमाने संयुक्त संसदीय छाननी गट तयार केला. प्रत्येक देशाच्या संसदेतून चारपर्यंत आणि युरोपीय संसदेतून सोळापर्यंत सदस्य त्यात येतात. २०१७ पासून हा गट वर्षातून दोनदा भरतो, एकदा युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद ज्या देशाकडे असेल त्या देशात आणि एकदा ब्रुसेल्समध्ये. युरोपोलच्या कार्यकारी संचालकांना तिथे हजर राहून उत्तरे द्यावी लागतात, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचे अधिकारीही बोलावले जातात. चालू तपासाच्या तपशिलात हा गट शिरत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचे दोन प्रतिनिधी संस्थेच्या व्यवस्थापन मंडळाच्या वर्षातल्या दोन बैठकांना, मताधिकाराविना, बसू शकतात.

हा गट सर्वशक्तिमान नाही. जानेवारी २०२२ मध्ये युरोपच्या माहिती-संरक्षण पर्यवेक्षकांनी गुन्ह्याशी संबंध सिद्ध न झालेल्या लोकांची साठवलेली माहिती पुसण्याचा आदेश युरोपोलला दिला. त्याच वर्षी जूनमध्ये नव्या नियमाने त्या साठ्याच्या मोठ्या भागाला कायद्याचा आधार देण्यात आला. पर्यवेक्षक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. पण हा झगडा उघड्यावर झाला, लोकप्रतिनिधींना बाजू घ्यावी लागली, नागरिकांना कोण काय म्हणते ते कळले. आपल्याकडे असे काही घडले तर कळण्याचा मार्ग कोणता?

आक्षेप ठाऊक आहेत. राजकारणी तपासात नाक खुपसतील, गुप्तता फुटेल, पक्षीय हाणामाऱ्या होतील. तमिळनाडूचाच अनुभव पाहा. तिथे लोकप्रतिनिधींनी लांब राहूनही तपास शांतपणे चालला नाही. मद्रास उच्च न्यायालयाला २०१७ पासून मूर्तिचोरीच्या प्रकरणांत वारंवार उतरावे लागले. २०१८ मध्ये राज्य सरकारने सर्व प्रकरणे सीबीआयकडे देण्याचा घेतलेला निर्णय न्यायालयाने रद्द केला आणि पोलिस महानिरीक्षक पोन माणिकवेल यांना निवृत्तीनंतर विशेष अधिकारी नेमले. २०२२ मध्ये त्याच माणिकवेल यांच्यावरील आरोपांची चौकशी सीबीआयने करावी, असा आदेश त्याच न्यायालयाने दिला. मूर्तिचोरीच्या तपासाच्या फायली गहाळ झाल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सभागृहे बाजूला राहिली की यंत्रणेचे भांडण न्यायालयात जाते. न्यायालयाला एका खटल्यापुरते पाहता येते. पुढच्या पाच वर्षांचे धोरण आखणे हे त्याचे काम नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सीबीआयचा स्वतंत्र कायदा करा आणि त्यातच आंतरराष्ट्रीय पोलिस सहकार्यावर देखरेख ठेवणारा संयुक्त गट तयार करा. त्यात दोन्ही सभागृहांचे खासदार हवेत आणि राज्यांच्या विधिमंडळांचे सदस्यही हवेत, विरोधी पक्षांना पुरेशी जागा देऊन. गटाने वर्षातून दोनदा तरी भरावे आणि दर वेळी दिल्लीतच भरू नये. इंटरपोलकडे किती विनंत्या गेल्या, किती परत आल्या, किती नोटिसा नाकारल्या किंवा काढून टाकल्या गेल्या आणि कोणत्या कारणाने, किती नोंदी पुसल्या, याचा वार्षिक अहवाल सीबीआयने या गटापुढे ठेवावा आणि तो जाहीर व्हावा. चालू प्रकरणांतली नावे त्यात असू नयेत. जी राज्ये वारसा-चोरीचे विशेष विभाग चालवतात, त्यांच्या प्रमुखांनीही त्याच बैठकीत उत्तरे द्यावीत, म्हणजे ठाण्यापासून ल्योनपर्यंतची साखळी एकाच दिवशी एका खोलीत दिसेल. आंतरराज्य परिषदेवर हे काम ढकलू नये. ती मुख्यमंत्री आणि मंत्र्यांची परिषद आहे आणि तिची शेवटची पूर्ण बैठक जुलै २०१६ मध्ये झाली.

महाराष्ट्राने यात पुढाकार घेण्यासारखा आहे. आर्थिक गुन्ह्यांचे परदेशी धागे सर्वाधिक मुंबईत मिळतात, आणि शिवपुरम्‌चा नटराजही परदेशी जाण्याआधी याच शहरात येऊन गेला. राज्यातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार जातात. त्यांतल्या एखाद्याने येत्या अधिवेशनात असे खासगी विधेयक मांडावे आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी सर्व पक्षांच्या संमतीने त्याला पाठिंब्याचा ठराव करून तो तमिळनाडूसह इतर राज्यांच्या विधानसभा अध्यक्षांकडे पाठवावा.