आडनाव: पेशवे

माढ्याला गेलो की आष्टीचा विषय एकदा तरी निघतोच. आपल्या सोलापूर जिल्ह्यातली आष्टी हो, बीडची नव्हे. फेब्रुवारी १८१८ मध्ये तिथे बापू गोखले पडले, साताऱ्याचे छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले आणि दुसरे बाजीराव निसटले. जूनमध्ये तेही माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन कानपूरजवळ बिठूरला गेले, ते परत आलेच नाहीत.

मला गंमत वाटते ती शब्दाची. ‘पेशवा’ हा शब्द फारसी, म्हणजे पुढे असणारा, पुढारी. ते पदाचं नाव. घराण्याचं आडनाव भट. पण पद गेलं, मुलूख सुटला आणि ‘पेशवे’ हेच आडनाव होऊन बसलं. फडणवीस, चिटणीस, पारसनीस यांचंही असंच झालं म्हणा, पण त्या आडनावांवर कुणी राज्य मागत नाही. पेशवे म्हटलं की मागणी आलीच! १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर कंपनीनं दत्तकपुत्र नानासाहेबांना तनखाही नाकारला आणि किताबही. अजीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवत परतले. १८५७ मध्ये नानासाहेबांनी स्वतःला पेशवा जाहीर केलं. कानपूर पेटलं; पुणं शांत राहिलं. पुढे ते नेपाळकडे गेले आणि दिसेनासे झाले.

हे सगळं आठवायचं कारण इराण. रजवी हे तिथलं असंच एक आडनाव. मुजाहिदीन संघटनेचे मसूद रजवी १९८१ मध्ये पॅरिसला निसटले. त्यांचे भाऊ काझेम यांचा १९९० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये खून झाला. त्या आडनावाची किंमत घरच्यांनी मोजलीय, हे नाकारायचं नाही. पण १९८६ मध्ये, युद्ध चालू असताना, मसूद थेट सद्दामच्या इराकमध्ये जाऊन बसले. मायदेशात हे कोण विसरणार? २००३ नंतर तेही जाहीरपणे कुठे दिसले नाहीत. पुढे नाव चालवलं पत्नी मरियम यांनी, ज्यांचं माहेरचं आडनाव निराळंच.

माझं मत विचाराल तर, परागंदा पुढाऱ्याच्या आडनावाचा भाव परक्या राजधान्यांत नाही, गावातल्या पारावर ठरतो. आणि पार फार कठोर असतो. बिठूरला बाजीराव तेहेतीस वर्षं जगले, पण माढ्यात गप्पा निघाल्या की बापू गोखल्यांना ‘बापू’ आणि बाजीरावांना ‘पळपुटा’. मी एकदा त्यांची बाजू घेऊन पाहिली. काका म्हणाले, “तू पुण्याचा झालास रे!”