दोन जिवांची आणि पाण्याची घागर

स्त्रीने अखेरच्या दिवसापर्यंत कामे उपसली की बाळंतपण सुलभ होते, असा समज आमच्या बेळगाव-निपाणी भागात अद्यापि ऐकू येतो. त्यातील अर्धी गोष्ट खरी आहे. चालणे, हिंडणे-फिरणे, हलकी कामे करणे हे निरोगी गर्भिणीला हितकारकच असते. परंतु चालणे निराळे आणि विहिरीवरून भरलेली घागर आणणे निराळे.

अखेरच्या महिन्यांत पोटाचा भार पुढे येऊन शरीराचा तोल बदलतो. सांधे बांधून ठेवणारे बंधही त्या काळात सैल होतात. प्रसूतीसाठी केलेली ती निसर्गाची सोय होय. अशा वेळी जड वस्तू उचलली असता कंबर धरते, तोल जाऊन पडण्याचे भय असते. जड ओझी वारंवार वाहणाऱ्या स्त्रियांत दिवस भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचा धोकाही काहीसा अधिक आढळला आहे. तथापि एखादे दिवशी कळशी उचलली गेली म्हणून कोणी भयभीत होऊ नये.

मग ओझे किती असावे? अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2013 साली सुचविलेली मर्यादा अशी: निम्मे दिवस उलटल्यावर सुमारे 12 किलो, तेही क्वचितच आणि अंगाशी धरून, जमिनीलगतून उचलू नये, डोक्यावर चढवू नये. आता आपल्या घागरीचा हिशेब पाहा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची घागर पंधरा किलो, पितळेचे वजन वेगळेच. आणि ती जमिनीवरूनच उचलून डोक्यावरच्या चुंबळीवर चढवावयाची असते!

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत आणि विड्यांच्या कामात आपल्या भागातील स्त्रियांच्या पिढ्या राबल्या. बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात असताना, 1928 साली, कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक कायदे कौन्सिलात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला, आणि 1929 साली कायदा झाला. पुढे 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्याने आणखी एक गोष्ट केली. अपेक्षित प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतही ती रजेवर नसेल तर तो काळ, तिने मागणी केल्यास कष्टाचे वा फार वेळ उभे राहण्याचे काम तिला देता येत नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. ‘मागणी केल्यास’ हे शब्द भगिनींनी ध्यानात ठेवावेत. तोंड मिटून बसल्यास मालकाला बंधन पडत नाही.

घरच्या हंड्याला मात्र कोणताच कायदा नाही. तेथे नवऱ्याने आणि सासूबाईंनीच पाहावयास हवे. थाटाने डोहाळजेवण करावयाचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिलाच पाण्याला धाडावयाचे, ही रीत आम्हांस समजत नाही. पुरुषाने खांद्यावर हंडा घेतला तर पाणवठ्यावर बायका हसतात म्हणे. खुशाल हसोत.

घरात दुसरे कोणीच नसेल तर घागरीऐवजी लहान कळशी घ्यावी आणि खेपा वाढवाव्यात. उचलताना पाय थोडे फाकून वस्तूच्या अगदी जवळ उभे राहावे, कंबरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, श्वास रोखू नये, वस्तू अंगाशी धरावी. वळावयाचे असल्यास पावले वळवावीत, कंबर पिळू नये. दळणाचा डबा उचलण्यापूर्वी निम्मा रिकामा करावा. थोरले मूल कडेवर येण्याचा हट्ट करू लागले तर आपण खाली बसून त्याला मांडीवर घ्यावे. ज्यांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, त्यांनी एवढेही करू नये.

ओझे उचलल्यावर वा एरवीही रक्तस्राव झाला, अंगावरून पाणी गेले, पोट राहून राहून दुखू लागले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नये. 108 क्रमांकावर गाडी बोलवावी आणि तडक दवाखाना गाठावा, मग रात्र कितीही झालेली असो.