पान्याचा हक्क

हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९१३ साली फिरत्या पट्ट्यावरील मोटारजुळणी सुरू झाली. मोटार स्वस्त झाली. पण कामगाराच्या वाट्याला दिवसभर एखादा बोल्ट आवळण्याचेच काम उरले. संपूर्ण यंत्र त्याच्या हातून निसटले.

त्याच फोर्डच्या जुन्या गाड्यांचे पुढे काय झाले, हे उद्बोधक आहे. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी मॉडेल टी, मॉडेल ए अशा जुन्या गाड्या स्वस्तात मिळवल्या. मडगार्डे उतरवून वजन घटवले, इंजिनांची शक्ती वाढवली आणि म्युरॉकच्या कोरड्या सरोवरावर त्या पळवल्या. याच 'हॉट रॉड'. मंदीचे दिवस होते. हाती पैसा थोडा; एकाने साधलेली युक्ती दुसऱ्याच्या कामी येई.

पुढे बाजाराने हा छंदही गिळला. तयार सांगाडे विकले जाऊ लागले, नामांकित गाड्या लिलावात धनिकांकडे गेल्या. म्हणून या साऱ्याला श्रीमंतांचा शौक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस ते मान्य नाही. मेळाव्यात इंजिनावरील झाकण उघडून हौशी माणूस दाखवतो, ते आपल्या हातचे काम.

आजच्या मोटारीत संगणक आहे आणि त्याची किल्ली उत्पादकाकडे. वाहनदुरुस्तीची माहिती खुली व्हावी, असा कौल मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली दिला, तो यामुळेच. विकत घेतलेले यंत्र उघडण्याचीही मुभा नसेल, तर ती मालकी कसली?