घर कोणाच्या नावावर?



दिवाळीचा बोनस हातात पडला, भिशी फुटली, पी.एफ.मधून घरासाठी पैसे काढता येतात असे कोणी सांगितले, की आपल्या घराघरांत एकच विषय सुरू होतो. स्वतःची जागा. ‘घर पाहावे बांधून’ असे जुनी माणसे म्हणत. आता बांधतो कोण? आता घर घ्यायचे ते कागदावर. आणि कागद वाचण्याची सवय आपल्याकडे अजून शाळेच्या दाखल्यापुरतीच आहे. आमची नोकरी कारकुनाची असल्यामुळे ओळखीची माणसे घराचे कागद घेऊन आमच्याकडे येतात. या वर्षी असे एक जोडपे आले, त्यांची हकीकत आज सांगतो. नावे मुद्दामच देत नाही.

दादा एका खाजगी दवाखान्यात वॉर्डबॉय. वहिनी पोळ्या लाटून डबे देतात. लग्नाला अठरा वर्षे झाली, तेवढ्यात भाड्याची चार घरे बदलली. दर अकरा महिन्यांनी करारनामा, भाडेवाढ, पुन्हा दलालाची दलाली. मुलगी दहावीला. तिला अभ्यासाला एक कोपरा हवा, एवढीच वहिनींची मागणी होती. (बाबासाहेबांनी परळच्या बी.आय.टी. चाळीत बरीच वर्षे काढली आणि पुढे दादरला ‘राजगृह’ उभारले ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. तेव्हा ही मागणी आपल्या परंपरेतलीच म्हणायची!)

दोघे आले ते कल्याणपलीकडच्या एका नव्या इमारतीचे रंगीत पत्रक घेऊन. वन रूम किचन, सतरा लाख, रविवारपर्यंत दोन लाख भरले तर मॉड्युलर किचन फुकट. वहिनींना विचारले, “हीच जागा का?” त्या म्हणाल्या, “भाऊ, तिथे आडनाव विचारलं नाही.”

या एका वाक्यावर थोडे थांबले पाहिजे. चांगल्या वस्तीत जागा बघायला गेले की आधी आडनाव, मग गाव, मग “तुम्ही खाता का?” असे प्रश्न येतात, आणि मग “जागा कालच गेली हो” असे उत्तर येते. हे आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले आहे. त्यामुळे जिथे कोणी काही विचारत नाही तिथे माणसाला हायसे वाटते आणि तो लगेच खिशात हात घालतो. पण जो बिल्डर आपल्याला काही विचारत नाही, त्याला आपणही काही विचारू नये अशीच त्याची इच्छा असते. नेमकी अशाच इमारतींत आपली माणसे अधिक अडकतात, असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे.

नालासोपाऱ्यातले ताजे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे. डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. माणसांनी त्यांत पैसे भरले, संसार मांडले. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत त्या पाडल्या गेल्या आणि दोन हजारांहून अधिक कुटुंबे रस्त्यावर आली. कल्याण-डोंबिवलीत तर ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या बांधकाम परवानग्या दाखवून रेराचा नोंदणी क्रमांकसुद्धा मिळवला होता. त्या पाडण्याचा आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. म्हणजे रेराचा नंबर आहे एवढ्यावर झोपून चालत नाही. “पण आमचं तर रजिस्ट्रेशन झालंय!” असे बरेच जण म्हणतात. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्ताची नोंद होते, त्यावर सरकारी शिक्का बसतो. पण इमारत अधिकृत आहे की नाही याची हमी ते कार्यालय देत नाही. हे आपल्या प्रत्येक वस्तीत मोठ्याने सांगायला हवे.

आम्ही दादांना म्हटले, आधी सी.सी. मागा, म्हणजे पालिकेचे बांधकाम सुरू करण्याचे परवानगीपत्र. दलालाने एक धूसर झेरॉक्स दिली. त्यावरचा क्रमांक कागदावर उतरवून दादा अर्धी रजा टाकून पालिकेच्या नगररचना विभागात गेले. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाबूने नोंद काढून दाखवली. तो क्रमांक दुसऱ्याच सर्व्हे नंबरवरच्या, दुसऱ्याच इमारतीचा होता. दलालाला विचारले तर तो म्हणाला, “एवढं सगळं बघायचं असेल तर घर होणार नाही तुमचं.” दोन लाख वाचले. पण त्या रात्री वहिनी आमच्यावरच रागावल्या होत्या आणि त्यांचा राग आम्हाला समजत होता. मे महिन्यात भाडेकरार संपणार होता.

नव्या बांधकामात घर घेणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. रेरा कायद्याप्रमाणे विक्री करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम मागू शकत नाही. क्षेत्रफळ कार्पेटमध्येच लिहून घ्यावे. बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप हे शब्द आले की जिना आणि गच्चीसुद्धा आपल्या खोलीत मोजली जाते. आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून खोली घेतली म्हणजे मालक झालो, असे समजणाऱ्यांनी कृपया वकिलाला भेटावे. म्हाडाच्या सोडतीत अनुसूचित जातीसाठी घरे राखीव असतात, त्यासाठी जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. सोडतीत “नंबर लावून देतो” म्हणणारा कोणीही दलाल म्हाडाने नेमलेला नसतो. गावी स्वतःची जागा असणाऱ्यांसाठी रमाई आवास योजना आहे. तिच्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

शेवटी दादा-वहिनींना जुन्या सोसायटीतली जागा मिळाली. तिसरा मजला, लिफ्ट नाही, स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटे. पण इमारतीला ओ.सी., म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, होते. मालकाकडे शेअर सर्टिफिकेट होते आणि पहिल्या विक्रीपासूनचे करारनामे क्रमाने होते. किंमत बावीस लाख ठरली. सोसायटीचे सेक्रेटरी आधी “डोनेशन” म्हणून साठ हजार मागत होते. ट्रान्सफर फी कमाल २५,००० घेता येते, हा शासनाचा नियम आम्ही त्यांच्यापुढे ठेवला, तेव्हा ते जरा नरमले. आडनाव त्यांनीही विचारले. दादांनी सांगितले. पुढे काही घडले नाही, हेही नमूद करायला हवे.

कर्ज अठरा लाखांचे निघाले, व्याज साडेआठ टक्के. वीस वर्षांसाठी हप्ता साधारण १५,६२० आणि एकूण फेड साडेसदतीस लाखांच्या आसपास. पंधरा वर्षांसाठी हप्ता १७,७२५ आणि एकूण फेड सुमारे ३१ लाख ९० हजार. महिन्याला एकवीसशे रुपये जास्त दिले तर साडेपाच लाख वाचतात! तरीही आम्ही त्यांना वीस वर्षांचीच मुदत घ्यायला सांगितली. दवाखान्याची नोकरी खाजगी, उद्याचा भरवसा नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मधेच जास्तीचे पैसे भरले तर बँकेला दंड घेता येत नाही. तेव्हा हप्ता लहान ठेवावा आणि बोनस आला की कर्जात भरावा. शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचे पैसे बँक कर्जात धरत नाही, ते गाठीशी लागतात. इथेच खूप जण शेवटच्या आठवड्यात सावकाराकडे धावतात.

स्टॅम्प ड्युटीवरूनच घरात वाद झाला. त्या भागात ती सात टक्के. पण २०२१ पासून घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर एक टक्का सवलत आहे. म्हणजे बावीस हजार रुपये. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतले तर ती मिळत नाही. दादांचे थोरले भाऊ म्हणाले, “बाईच्या एकटीच्या नावावर? हप्ता कोण भरणार? उद्या काही झालं तर?” दादा गप्प. वहिनी पोळ्या लाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “भाऊजी, चार घरांत माझं सामान होतं. नाव कुठंच नव्हतं. आणि बावीस हजारांत माझे किती डबे जातात ते मी सांगू?”

थोरल्या भावांनी चहा अर्धवट ठेवला आणि निघून गेले. दादा अजून गप्पच होते. बऱ्याच वेळाने ते आम्हाला म्हणाले, “हिच्या नावानं करा. मी कर्जावर सही करतो.” कर्जात सहकर्जदार होणारा माणूस घराचा मालक असलाच पाहिजे असे नाही, हे आम्ही बँकेत आधीच विचारून ठेवले होते.

नोंदणीच्या दिवशी वहिनींनी डब्यांना सुट्टी दिली. मुलगी शाळा बुडवून आली होती, तिला कोणी रागावले नाही. फोटो निघाला. मग अंगठ्याचा ठसा यंत्रावर घ्यायचा होता, तो काही उमटेना. वर्षानुवर्षे तव्याजवळ वावरलेले हात, बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या. ऑपरेटर म्हणाला, “मावशी, हात धुऊन या.” वहिनी धुऊन आल्या, तरी नाही. मागे रांग खोळंबली. मुलीने ओढणीने आईचा अंगठा कोरडा पुसला आणि यंत्रावर दाबून धरला. तिसऱ्या वेळी ठसा उमटला.

इंडेक्स टूची प्रत हातात आली, तेव्हा वहिनींनी ती मुलीला मोठ्याने वाचायला लावली. खरेदीदाराच्या रकान्यापर्यंत आल्यावर म्हणाल्या, “हां, तेवढं पुन्हा वाच.”

(नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, याविषयी तिघा वाचकांनी विचारले आहे. त्यांना पुढील अंकी उत्तर देऊ.)