नेट बंद पडलं तर कोणी, किती दिवसांत सुरू करायचं? कायद्यात लिहा!



५ नोव्हेंबर २०२५ ला राज्य सरकारनं स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या या कंपनीशी हात मिळवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं. त्यात दुर्गम भाग म्हणून ज्या जिल्ह्यांची नावं घेतली ती गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि आपला वाशिम. २०१८ मध्ये केंद्रानं आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हाही राज्यातून हेच चार होते. ही बातमी आल्यापासून धनज, कारंजा भागातले प्रेक्षक विचारतायत, "सर, आता आपल्याकडे चांगलं नेट येणार ना?"

खरं सांगू? शाळेवर, आरोग्य केंद्रावर, सरकारी कार्यालयावर डिश बसली तर आनंदच आहे. पण धनजच्या दुकानदाराचा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही. नेट येणं ही एक गोष्ट झाली. आलेलं नेट बंद पडल्यावर ते कोणी आणि किती दिवसांत सुरू करायचं, हे आजवरच्या कुठल्याच योजनेनं दुकानदाराला लिहून दिलेलं नाही. मला कायदा हवाय तो यासाठी.

धंद्याच्या भाषेत बोलू. कृषी केंद्र घ्या. अनुदानाचं खत ई-पॉस मशीनवरच विकावं लागतं, शेतकऱ्याची आधारवरून ओळख पटवून. जूनमध्ये पाऊस पडला, सोयाबीनची पेरणी साधायची म्हणून लोक सकाळपासून रांगेत उभे आहेत, आणि मशीन गोल गोल फिरतंय. माल गोडाऊनमध्ये आहे, गिऱ्हाईक दारात आहे, तरी विक्री नाही. दुपारपर्यंत वाट पाहून तो शेतकरी कारंज्याला जातो, आणि खतासोबत बियाणं, औषध, स्प्रेपंपाचा नोझलसुद्धा तिथूनच आणतो. तुमचं नुकसान एका पोत्याचं नसतं, त्याच्या अख्ख्या हंगामाच्या खरेदीचं असतं. हे कुठल्याच सरकारी अहवालात येत नाही, कारण "न झालेली विक्री" कोणी मोजत नाही. रेशन दुकानाचं, आपले सरकार केंद्राचं, यूपीआय घेणाऱ्या पानठेल्याचं तेच.

आता तारेकडे या. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्रानं २०११ मध्ये मंजूर केली. २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्रानं काम स्वतःकडे घेतलं, महाआयटी या सरकारी कंपनीमार्फत, महानेट या नावानं. पैसा कुठला? दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातले पाच टक्के एका निधीत जातात, २००२ पासून. आज त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. कंपन्या ते स्वतःच्या खिशातून थोडेच देतात! म्हणजे तुमच्या प्रत्येक रिचार्जमधून तुम्ही या तारेचे पैसे भरत आलाय. त्यामुळे हिशोब मागताना संकोच करायचं कारण नाही.

अडचण कुठे झाली ते समजून घ्या. बहुतेक ठिकाणी ही तार एकामागून एक गावांतून सरळ नेली गेली. समजा एका लाइनवर पाच गावं आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या गावाच्या मध्ये पाइपलाइनसाठी जेसीबी लागला आणि तार तुटली, की पुढची चारही गावं बंद. ग्रामपंचायतीतल्या डब्याला वीजही लागते. बिल थकलं, बॅटरी बसली, कोणी बटण बंद करून कुलूप लावून गेलं, तरी बंदच. हे दिल्लीलाही कळलं म्हणा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं १,३९,५७९ कोटींचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात सरळ रेषेऐवजी रिंग करायचं ठरलं, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं चालू. देखभालही कंत्राटातच घातली. चांगला बदल आहे. पण कंत्राट सरकार आणि ठेकेदार यांच्यात असतं. दंड झाला तरी तो त्यांच्यातला हिशोब, धनजच्या कृषी केंद्रवाल्याला त्यात कुठे तक्रार करायची जागाच नाही.

मग राज्यानं कायदा करावा का? इथे एक पेच आहे. दूरसंचार हा विषय संविधानानं केंद्राच्या यादीत ठेवलाय. २०२३ चा दूरसंचार कायदाही संसदेचा. त्या कायद्याच्या नियमांत तार टाकणाऱ्या कंपनीची सोय नीट केली आहे. रस्ता खोदायच्या अर्जावर सरकारी कार्यालयानं मुदतीत उत्तर दिलं नाही, तर परवानगी मिळाली असंच धरायचं. बघा, कंपनीसाठी मुदत आहे. ग्राहकासाठी तशी मुदत का नसावी?

राज्याच्या हातात त्यासाठी एक हत्यार आहे, आणि ते घरचंच आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला ठरलेल्या दिवसांत मिळतो तो याच कायद्यामुळे. मुदत चुकली तर अपील करता येतं, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. याच कायद्याखाली "ग्रामपंचायतीची बंद इंटरनेट जोडणी सुरू करणे" ही सेवा अधिसूचित करा. जिथे तार राज्याच्या यंत्रणेची आहे तिथे हे थेट लागू करता येईल. जिथे ती बीएसएनएलची किंवा खासगी कंपनीची आहे तिथे दंड लावता येणार नाही, हे मान्य. पण रस्ते, इमारती, जागा राज्याच्या आणि ग्रामपंचायतीच्याच वापरायच्या असतात. जागा देतानाच दुरुस्तीची मुदत करारात लिहून घेता येते. भाडेकरू ठेवताना आपण गळणाऱ्या नळाचं सुद्धा लिहून घेतो की!

काही जण म्हणतील, दंडानं तार जोडली जात नाही, माणूस लागतो. बरोबर आहे. अमेरिकेत मिसिसिपी राज्यानं २०१९ मध्ये कायदा करून गावोगावच्या वीज सहकारी संस्थांना इंटरनेट देण्याची मुभा दिली. खांब त्यांचे, लाइनमन त्यांचे, ग्राहक त्यांचेच सभासद. आपल्याकडे सहकार काही नवा नाही, पण त्याची दुसरी बाजूही आठवा: अहिल्यानगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था अनेक वर्षं गावांना वीज देत होती, थकबाकीत अडकली आणि २०११ मध्ये ते काम महावितरणकडे गेलं. म्हणून मला संस्थेपेक्षा गावातला उद्योजक जास्त भरवशाचा वाटतो. बीएसएनएलच्या भारतनेट उद्यमी योजनेत स्थानिक माणूस घरोघरी जोडण्या देतो, देखभाल करतो आणि बिलातला वाटा घेतो. धनजसारख्या गावात केबलचं काम येणाऱ्या पोरासाठी हा धंदा होऊ शकतो. मात्र उतरण्याआधी एक विचारून घ्या: गावापर्यंत येणारी मुख्य तार तुटली तर ती कोण जोडणार आणि तोवर तुमच्या ग्राहकाचे पैसे कोण परत देणार? याचं उत्तर कागदावर नसेल तर सही करू नका. शिव्या तुम्हालाच बसतील.

आणि दुकानदारांनो, कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम ठेवा. गल्ल्याजवळ एक वही ठेवा: नेट कधी गेलं, कधी आलं, किती गिऱ्हाइकं परत गेली. गावातल्या दहा दुकानांनी तीन महिने अशी वही लिहिली तर ग्रामसभेत ती नुसती कुरकुर राहत नाही, पुरावा होतो. ठराव मोठा लागत नाही. एवढं पुरे: "ग्रामपंचायतीतील इंटरनेट जोडणी चालू आहे की बंद, ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची आणि तक्रार कोणत्या क्रमांकावर करायची, हे कार्यालयाच्या फलकावर लावावे. जोडणी सुरू करण्याची सेवा लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित करावी, अशी ही ग्रामसभा शासनास विनंती करते." खाली सूचक, अनुमोदक, आणि सोबत वह्यांच्या झेरॉक्स. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना, एक आमदारांना, आणि पोच घ्यायला विसरू नका.