पाठमोरा माणूस उदासच का?

एकटा माणूस आणि भोवती मोठा निसर्ग दिसला, की आपलं उत्तर तयार असतं. मी शाळेत चित्रकला शिकवते. वर्गात मुलं ‘उदास’ म्हणून मोकळी होतात, प्रदर्शनात मोठी माणसं ‘एकाकीपणा’ म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. मला ही घाई खटकते.

कावासे हासुई या जपानी चित्रकाराचं 1957 सालचं एक छापचित्र मी नववीला दाखवते. जागा हिराइझुमी, जपानच्या ईशान्येला. तिथलं 1124 मध्ये उभं राहिलेलं बौद्ध मंदिर सोन्यानं मढवलेलं आहे. चित्रात मात्र सोन्याचा कणही नाही, कारण मंदिराच्या रक्षणासाठी त्याभोवती बांधलेली साधी लाकडी वास्तूच तेवढी दिसते. बर्फानं झाकलेल्या पायऱ्या, सरळसोट झाडं आणि रुंद टोपी घालून वर निघालेला पाठमोरा भिक्षू. ‘उदास’चा गजर चालू असताना एक मुलगी म्हणाली, “बाई, हा तर चढतोय. वाट चुकलेला माणूस असा चढेल का?”

मी मुलांना त्या भिक्षूवर अंगठा ठेवायला सांगते. तो झाकला की पायऱ्या किती उंच, वास्तू किती लांब, काही कळेनासं होतं. सगळ्या चित्राचं माप त्या एवढ्याशा गडद आकृतीवर आहे. निसर्गापुढे तो क्षुल्लक ठरतो, हे मग मला पटत नाही.

आणि बर्फ नीट पाहावा. तो पांढऱ्या रंगानं रंगवलेला नाही. लाकडी ठशावर तेवढी जागा कोरून खाली घेतली, की तिथे रंग लागत नाही, कागद तसाच राहतो. प्रत्येक रंगाचा ठसा निराळा. एखादा केसभर सरकला तरी टोपीची कड बिघडते. चित्र हासुईंचं, पण कोरणारा आणि छापणारा वेगळे. त्या भिक्षूच्या पाठीचा बाक इतक्या जणांनी जपला आहे.

हे हासुईंचं शेवटचं चित्र. नोव्हेंबर 1957 मध्ये ते गेले, छपाई नंतर पुरी झाली. एवढं कळलं की भिक्षू म्हणजे स्वतः चित्रकार आणि पायऱ्या म्हणजे मृत्यूची वाट, असा अर्थ लगेच लावला जातो. पण टोकियोतल्या झोजोजी मंदिरासमोर, बर्फात छत्री धरून चाललेली एकटी बाई त्यांनी 1925 मध्येच काढली होती. तेव्हा त्यांच्यापुढे तीस वर्षांहून अधिक काम पडलं होतं. तिथे हा अर्थ कसा लावणार?

म्हणून मृत्यूची हकिगत मी तासाच्या शेवटी सांगते. काहींचं मत लगेच बदलतं. त्यांना मी पुन्हा चित्रापाशी बोलावते आणि विचारते, आता यात नवं काय दिसलं, ते बोट ठेवून दाखव.