वाडी रिकामी असताना शिरगणती

अखेर जनगणनेचा मुहूर्त निघाला. १६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि १ मार्च २०२७ चा आरंभक्षण हा देशाच्या सोळाव्या शिरगणतीचा क्षण म्हणून मुक्रर केला. २०२१ मध्ये जे व्हावयाचे ते कोरोनाच्या साथीने लांबले, आणि साथ ओसरल्यावरही लांबतच राहिले. १८८१ पासून दोन महायुद्धे, प्लेग, दुष्काळ आणि फाळणी यांतून एकदाही न चुकलेला दहा वर्षांचा नेम आमच्या काळात चुकला, याची खंत वाटावयास हवी होती. ती फारशा कोणाला वाटलेली दिसत नाही. असो. उशिरा का होईना, देश स्वतःला मोजण्यास निघाला आहे. आमचा प्रश्न एवढाच की, हे मोजणारे कर्जत आणि खालापूर तालुक्यांत कोणत्या महिन्यात येणार आणि कोणाच्या दाराशी उभे राहणार?

ते फेब्रुवारीत येणार. आणि फेब्रुवारीत या दोन तालुक्यांतील कातकरी वाड्यांची दारे बंद असतात. दिवाळी सरली की मुकादमाची गाडी वाडीच्या तोंडाशी लागते. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडावयाची असते; म्हणून नवरा, बायको, पोरे, कोंबड्या, भांडी आणि फाटकी गोधडी असा सारा संसार त्या गाडीत चढतो आणि पनवेल, कल्याण, भिवंडीच्या बाजूच्या वीटभट्ट्यांवर जाऊन उतरतो. वाडीत उरतात ती म्हातारी माणसे आणि कुत्री. हे लोक परततात ते पावसाच्या तोंडावर. पूर्वी खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात. त्या धंद्यावरूनच तिला नाव मिळाले. जंगले सरकारजमा झाली, कात गेला, मग कोळसा पाडणे आले, तेही गेले आणि आता वीट आली आहे. २०११ च्या गणनेप्रमाणे महाराष्ट्रात कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक होती आणि त्यांचा मोठा भाग रायगड व ठाणे याच बाजूला आहे. सरकार या जमातीस विशेष दुर्बळ आदिम जमातींत गणते. गणते हा शब्द येथे आम्ही जाणूनबुजून वापरला आहे.

कायद्यात या लोकांची सोय नाही, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या जनगणनेचा नियम असा की, गणनेच्या काळात जो माणूस आपल्या नेहमीच्या घरी एकदाही नसतो, त्याची नोंद तो जेथे असेल तेथे करावी. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत गणना झाली आणि ज्यांना घरच नाही, त्यांना २८ च्या रात्री शोधून मोजण्याची योजना होती. कागदावर हे सर्व चोख आहे. पण भट्टीवरील माणूस हा घरवालाही नव्हे आणि बेघरही नव्हे. कच्च्या विटांच्या चार थरांवर पेंढा टाकून उभी केलेली त्याची खोपटी ही पावसाळ्यात अस्तित्वातच नसते. घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ नेमला गेला. त्यात जी यादी पावसाळ्याच्या सुमारास होईल, तीत वाडीवरचे घर असेल, भट्टीवरची खोपटी नसेल. फेब्रुवारीत प्रगणक ती यादी हाती घेऊन निघेल. वाडीत घर आहे, माणूस नाही. भट्टीवर माणूस आहे, घर यादीत नाही. अशा रीतीने एक अख्खे कुटुंब, कोणाचाही दुष्ट हेतू नसताना, दोन ठिकाणांच्या मधल्या फटीतून खाली पडते.

हा केवळ तर्क नव्हे. प्रत्येक गणनेनंतर सरकार स्वतःच नमुना पाहणी करून किती माणसे सुटली याचा अदमास घेते. २०११ मध्ये हे प्रमाण हजारी २३ निघाले. एकशेएकवीस कोटींच्या देशात हजारी २३ म्हणजे सुमारे पावणेतीन कोटी माणसे! जगातील कित्येक राष्ट्रांची संपूर्ण लोकसंख्या याहून कमी आहे. आणि हे साऱ्या देशाचे सरासरी प्रमाण होय. जो माणूस पक्क्या घरात राहतो आणि ज्याच्या दारावर नावाची पाटी आहे, तो सहसा सुटत नाही. सुटतो तो हिंडता माणूस, आणि म्हणून हिंडत्या जमातींत हे प्रमाण सरासरीहून पुष्कळ अधिक असणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

या मुलखात माणसे न मोजण्याची परंपरा जुनी आहे. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातून आगगाडीचा मार्ग खोदला गेला. खोपोलीच्या माथ्यावरचे ते बोगदे आजही प्रवासी कौतुकाने पाहतात. १८६१ च्या हंगामात त्या घाटात चाळीस हजारांवर मजूर राबत होते. पटकीने, सुरुंगाने, दरडीने त्यांतले किती मेले याची बरोबर नोंद कोणापाशी नाही. घाटाची लांबी, बोगद्यांची संख्या आणि फुटाफुटाचा खर्च मात्र बारकाईने लिहून ठेवलेला आहे. पुढे १८७२ मध्ये पहिली खानेसुमारी झाली तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. १८९१ मध्ये ते कुलाब्यात आले. आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. जुन्या आकड्यांशी आजचे आकडे ताडून पाहू इच्छिणाऱ्याला या हद्दींच्या जंजाळातून वाट काढावी लागते. पण हद्दी बदलल्या तरी निदान त्यांचे कागद सापडतात. न मोजलेल्या माणसाचा कागदच नसतो.

लोकसंख्येच्या अभ्यासाचा जगातील इतिहास पाहिला तर त्याचा आरंभ भीतीतून झालेला दिसतो. माल्थस याने १७९८ मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. माणसे झपाट्याने वाढतात, अन्न त्या मानाने वाढत नाही, आणि मग दुष्काळ व रोगराई हा हिशेब चुकता करतात, हे त्याचे सूत्र. हाच गृहस्थ १८०५ पासून १८३४ मध्ये मरेपर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात अध्यापक होता! हिंदुस्थानात येऊन आमच्या बापजाद्यांवर अंमल करणारे कित्येक तरुण त्याच्या हाताखाली शिकून आले. दुष्काळात माणसे मरतात ती निसर्गाच्या नियमाने, असे म्हणण्याची सोय त्या शिकवणीत होती, आणि पुढच्या शतकात ती सोय पुष्कळदा वापरली गेली.

मग १९१८ चा इन्फ्लुएन्झा आला. तो जूनमध्ये मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर पसरला. घाटाचा तो मार्ग त्याला तयारच मिळाला होता. १९११ आणि १९२१ या दोन गणनांच्या मध्ये देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे आठ लाखांनी घटली. आधुनिक भारताच्या गणनेत अशी घट त्या एकाच दशकात झाली. मेले किती? मृत्यूची नोंद करणारे गावकामगारच अंथरुणाला खिळले होते, तेव्हा नोंदवह्या कोण लिहिणार! त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी सव्वा कोटीच्या आसपास आकडा धरला. १९५१ मध्ये किंग्स्ली डेव्हिस या अमेरिकन अभ्यासकाने तो दोन कोटींपर्यंत नेला. नंतरच्या संशोधकांचे आकडे बहुधा या दोहोंच्या मध्ये पडतात. एका अंदाजात आणि दुसऱ्या अंदाजात पाऊण कोटी माणसांचे अंतर आहे. ती माणसे होती की नव्हती, हेदेखील आम्हांला ठाऊक नाही.

याच काळात महाराष्ट्रात एक निराळा विचार चालू झाला होता, त्याचा उल्लेख केल्याविना पुढे जाणे कृतघ्नपणाचे होईल. रघुनाथराव कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. समाजाने त्यांना कोर्टात खेचले आणि नोकरीला मुकविले. डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. आंबेडकरांच्या पक्षाने १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो सभागृहाने फेटाळला. या मंडळींचा भर स्त्रीच्या इच्छेवर होता, आकड्यांच्या भीतीवर नव्हता. पुढे सरकारने हा विषय हाती घेतला तेव्हा भर उलटा झाला. १९७६ मध्ये आमच्याच विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या शस्त्रक्रियेचे विधेयक मंजूर केले! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. १९७६–७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांचा धसका गोरगरिबांच्या वस्त्यांनी किती वर्षे बाळगला, हे आरोग्यखात्यातील जुन्या माणसांना विचारावे.

आज ती भीतीही जुनी झाली. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी जगाची लोकसंख्या आठ अब्ज झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले आणि २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकले. पण याच संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज असा की, ही वाढ या शतकातच थांबेल आणि मग उतार लागेल. महाराष्ट्रात स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आहेत, असे २०१९–२१ च्या कुटुंब-आरोग्य पाहणीने सांगितले. म्हणजे आई-बाप दोघांची जागा भरून निघण्याइतकीही मुले जन्मास येत नाहीत. तरीही नेरळ, कर्जत, खोपोलीला माणसांची दाटी वाढत आहे. स्थानकांबाहेर पाय ठेवावयास जागा नाही. ही वाढ बाळंतिणीच्या खोलीतून आलेली नाही; ती लोकलच्या डब्यातून आणि द्रुतगती मार्गावरून आलेली आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून येणारा कारकून येथे येतो, आणि मुंबईत घर असूनही शनिवार-रविवारी हवा पालटण्यास दुसरे हवे असलेला धनिकही येथेच येतो. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाची गंमत अशी की, त्याचे शेतघर वर्षाचे दहा महिने कुलूपबंद असते आणि तरी घरयादीत ते ठळकपणे दिसते. ज्या माळावर ते उभे राहते, त्याच्या कडेची वाडी मात्र पुष्कळदा स्वतःच्या नावावरील जमिनीवर नसते. मोरबे धरणाचे पाणी खालापुरातून नवी मुंबईस जाते, भट्टीवरची वीटही तिकडेच जाते आणि ती थापणारा माणूसही सहा महिने तिकडेच असतो.

माणूस मोजला न गेल्याने काय बिघडते, असे विचारणारे आहेत. धान्याचा कायदा २०१३ चा. पण त्याखालील शिधा किती जणांना द्यावयाचा हे ठरले २०११ च्या आकड्यांवर, आणि त्यानंतर जन्मलेल्या पोरांची भूक त्या आकड्यांत नाही. अंगणवाडी कोठे उघडावी, आदिवासी विकासाचा पैसा कोणत्या तालुक्यास किती मिळावा, कोणती जागा राखीव असावी, हे सारे याच मोजणीवर ठरते. १९७६ पासून गोठवून ठेवलेली लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणीही २०२६ नंतरच्या पहिल्या गणनेपर्यंतच गोठलेली आहे. आणि या वेळी जातवार नोंदही व्हावयाची आहे. या गणनेत जो सुटेल, तो पुढची निदान दहा वर्षे सुटलेलाच राहील.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकरांची ती वाडी. जनगणनेचा घटक महसुली गाव असतो. वाडी त्याच्या पोटात लपलेली असते. त्यामुळे मदतीला गेलेल्या पथकांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हा की, त्या रात्री ढिगाऱ्याखाली माणसे होती किती? कोणी मासे धरण्यास गेले होते, मुले आश्रमशाळांत होती, कोणी कामास बाहेर होते. नावे विचारीत, माणसे शोधीत हिशेब जुळवावा लागला: वाडीत २२८ जण, हाती आलेले मृतदेह २७, बेपत्ता ५७, उरलेले १४४. चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. वाडीची नावनिशीवार यादी आधी तयार असती, तर दरड थांबली नसती हे खरे. पण कोणाला शोधावयाचे हे तरी पहिल्या सकाळीच कळले असते.

उपाय दूर नाही. १९५५ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील सोवनी व कुमुदिनी दांडेकर यांनी नाशिक, कुलाबा व उत्तर सातारा या जिल्ह्यांतील जननमानाची पाहणी प्रसिद्ध केली होती; म्हणजे या जिल्ह्यात घरोघर जाऊन विचारण्याची विद्या सत्तर वर्षांपूर्वीच आलेली आहे. १९५६ मध्ये मुंबईत लोकसंख्याशास्त्राची संस्था निघाली. ती आज देवनारला आहे. तिचे एक संचालक चंद्रशेखरन यांनी १९४९ मध्ये डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाबरोबर बंगालमधील सिंगूर येथील अनुभवावरून एक पद्धत बसविली, जी आज जगभर शिकविली जाते. ती शाळकरी पोरालाही कळेल. दोन स्वतंत्र याद्या करा आणि त्या ताडून पाहा. समजा, पहिल्या यादीत ८० नावे आली, दुसरीत ६०, आणि दोहोंत सामाईक ४८. म्हणजे दुसऱ्या यादीतील ६० पैकी ४८, अर्थात शंभरी ८०, पहिलीने पकडले होते. तेव्हा पहिलीतील ८० नावे ही खऱ्या संख्येच्या शंभरी ८० धरावीत. खरी संख्या १००. दोन्ही याद्या मिळून नावे झाली ९२. म्हणजे ८ माणसे दोघांनाही सापडली नाहीत. जी दिसली नाहीत ती किती, हे जी दिसली त्यांच्यावरून काढण्याची ही युक्ती आहे.

ही युक्ती कर्जत-खालापुरात लावून पाहण्यास दिल्लीची परवानगी नको. भट्ट्या दिवाळीनंतर पेटतात. त्यापूर्वी रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक वाडीची नावनिशीवार यादी करावी, आणि कोण कोणत्या मुकादमाबरोबर कोठे जाणार हे तीत लिहावे. जानेवारीत रायगड आणि ठाणे या दोन्ही जिल्ह्यांतील भट्ट्यांवर दुसरी यादी व्हावी, मूळ वाडीच्या नावासकट. भट्टीमालक आपल्या वहीत उचलीची नावे लिहितोच. ती वही त्याने दाखवावी, न दाखवील तर तहसीलदारांनी परवाना हाती घेऊन त्याच्याशी बोलावे. फेब्रुवारीत प्रगणकाजवळ या दोन्ही याद्या असाव्यात. कातकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलू शकतील अशी शिकलेली मुले वाड्यांत आहेत. त्यांना सोबत घेतले तर विचारणाऱ्याला पाहून रानात पळून जाण्याची पाळी कोणावर येणार नाही. त्यांना रोजची मजुरी द्यावी लागेल. ती जिल्हा नियोजनाच्या पैशातून देता येईल.